पन्ना : नाव पाचूचे, गाव हिऱ्यांचे

मैत्रिणींनो, ‘पन्ना’ हा शब्द तुम्ही शेवटचा कधी ऐकलात? आठवत नाही म्हणाल. पण ह्या शब्दासारखे कानाला लागणारे शब्द आपल्या घरात रोज वावरत असतात. ब्लाउजचे कापड घ्यायला गेलो की आपण दुकानदाराला आधी विचारतो, “पन्हा किती आहे हो?” पन्हा लहान असला तर मीटरभर लागेल, मोठा असला तर पाऊण मीटरात भागेल, हा हिशेब आपल्या बोटांवर असतो. चैत्र आला की हळदीकुंकवाला वाटली डाळ आणि पन्हे हवेच. मुलांचे हिंदीचे पुस्तक उघडा, तिथे पन्ना म्हणजे पुस्तकाचे पान. आणि सराफाच्या पेढीवर एखादा मारवाडी किंवा गुजराती कारागीर भेटला, तर तो आपल्या पाचूला पन्नाच म्हणणार.

आडनाव एक म्हणून सगळे कुलकर्णी काही एका घरातले नसतात, तसेच हे आहे बरं का! कापडाचा पन्हा फारसीतून आला. तिथे ‘पहना’ म्हणजे रुंदी. प्यायचे पन्हे संस्कृतातल्या ‘पानक’ ह्या शब्दावरून आले. उत्तरेकडे त्यालाच ‘आम का पना’ किंवा ‘पन्ना’ म्हणतात. आपण कैरी उकडून गूळ-वेलदोडा घालतो. त्या बायका कैरी निखाऱ्यावर भाजून तिच्यात पुदिना, जिरे नि काळे मीठ घालतात. पुस्तकाचा पन्ना मात्र संस्कृतातल्या ‘पर्ण’चा, म्हणजे झाडाच्या पानाचा वंशज. पाचूलाही हे नाव कोवळ्या पानासारख्या हिरव्या रंगावरूनच मिळाले, असे मानतात. निवडणुकीच्या दिवसांत वर्तमानपत्रात ‘पन्ना प्रमुख’ वाचून दचकू नका. तिथे रत्नाबित्नाचा संबंध नाही; मतदारयादीचे एक पान ज्याच्याकडे सोपवले आहे, तो कार्यकर्ता.

आणि पन्ना नावाचे एक गावही आहे. मध्य प्रदेशात, बुंदेलखंडात, खजुराहोपासून साधारण ४५ किलोमीटरवर. खजुराहोची देवळे पाहायला आपल्याकडची पुष्कळ मंडळी जातात, पण शेजारच्या पन्नाला वाट वाकडी करून जाणारी थोडी. आम्ही मात्र ती केली, आणि त्याच गावाबद्दल आज तुम्हांला सांगायचे आहे.

पाचू कुठे मिळेल?

आम्ही पन्नाला निघालो हे कळताच शेजारच्या काकू लगबगीने आल्या. “अगं, जातेच आहेस तर पाचूचा एक बरासा खडा बघ ना. गावाचे नावच पन्ना, म्हणजे तिथे स्वस्त असणार! आमच्या धाकट्याचा बुध कमजोर सांगितलाय जोशीबुवांनी.” नवग्रहांच्या रत्नांत पाचू बुधाचा, हे आपल्याला ठाऊक असतेच.

पण गंमत अशी, की पन्नाच्या जमिनीत पाचू निघतच नाही. तिथे निघतो हिरा. देशात हिऱ्यांचा म्हणून जेवढा साठा आहे, त्यातला सुमारे ९० टक्के मध्य प्रदेशात आहे, आणि त्या राज्यात हिऱ्यांचे गाव म्हटले की पन्नाच. गावाचे नावही रत्नावरून पडलेले नाही. तिथे पद्मावती देवीचे जुने ठाणे आहे. प्रणामी पंथाचे लोक अजूनही ह्या गावाला ‘पद्मावतीपुरी’ म्हणतात, आणि ‘पद्मा’चेच पुढे ‘पन्ना’ झाले, असे तिथले लोक सांगतात. म्हणजे नाव देवीचे, ऐकणाऱ्याला वाटते पाचूचे, आणि पोटात हिरे!

मग पाचू येतो तरी कुठून? आपल्याकडे राजस्थानात अजमेरच्या आसपास थोडाफार निघाला आहे. पण बाजारात दिसतो तो बहुतेक परदेशी. कोलंबिया, झांबिया, ब्राझील ह्या देशांतून कच्चे खडे येतात आणि जयपूरला कारागीर त्यांना पैलू पाडतात. मोगल बादशहांच्या अंगावरचे मोठमोठे पाचूही दक्षिण अमेरिकेतल्या कोलंबियाचेच. ते स्पॅनिश व पोर्तुगीज व्यापाऱ्यांच्या हातून आले आणि त्यांतले पुष्कळ आपल्या गोव्याच्या बंदरात उतरले. सोळाव्या-सतराव्या शतकात गोवा ही रत्नांची मोठी बाजारपेठ होती.

पाचूचा विषय निघालाच आहे, तर दोन व्यवहाराच्या गोष्टी सांगून ठेवते. पाचू दिसायला भारी, पण स्वभावाने नाजूक. खऱ्या खड्याच्या पोटात बहुधा बारीक रेषा नि चिरा असतात. त्या दिसू नयेत म्हणून खड्यात तेल मुरवलेले असते. म्हणून पाचूची अंगठी हातात ठेवून भांडी घासू नये, गरम पाण्यात ती बुडवू नये, साबणाच्या पुडीने किंवा दंतमंजनाने घासू नये. मऊ ओलसर फडक्याने पुसावी आणि वेगळ्या डबीत ठेवावी. खडा अगदी नितळ, हिरवागार आणि वर स्वस्तही असेल, तर तो काचेचा असण्याचीच शंका घ्यावी. मोठी रक्कम घालायची असेल तर रत्नपरीक्षा करणाऱ्या प्रयोगशाळेचे प्रमाणपत्र मागितल्याशिवाय पाकीट उघडू नये.

बाजीरावांची वाट

मुंबईहून जबलपूरमार्गे प्रयागराजकडे जाणारी गाडी धरली की सतना स्टेशन लागते. तिथून पन्ना सुमारे ७० किलोमीटर. बस अर्ध्या वाटेपर्यंत शेताशिवारातून जाते आणि मग डोंगर चढू लागते. दोन्ही बाजूंना सागाचे जंगल. वळणावळणांनी बस वर जाते नि एकदम पठारावरचे गाव दिसू लागते. तळी, जुने वाडे, देवळांचे कळस. मोठ्या शहराचा तोरा नाही, की हिऱ्यांच्या गावाचा लखलखाट नाही. बाजारात केळी, बांगड्या, पितळेची भांडी, समोसे. आपल्याकडच्या एखाद्या तालुक्याच्या गावासारखेच सगळे.

पण हे गाव आपल्या मराठी माणसांना परके नाही. महाराजा छत्रसाल बुंदेला (१६४९–१७३१) ह्यांची ही राजधानी. तरुणपणी छत्रसाल शिवाजी महाराजांना भेटायला आले होते. महाराजांनी त्यांना आपल्याच मुलखात जाऊन मोगलांशी झुंजायला सांगितले. पुढे म्हातारपणी मोहम्मदखान बंगशाने त्यांना जैतपूरच्या किल्ल्यात कोंडले, तेव्हा त्यांनी मदतीसाठी हाक मारली ती थोरल्या बाजीरावांना. १७२९ च्या मार्चमध्ये बाजीराव धावून गेले नि वेढा उलटला. छत्रसालांनी त्यांना आपला तिसरा मुलगा मानले आणि राज्याचा सुमारे तिसरा हिस्सा दिला. खुद्द पन्ना थोरल्या हृदयशहाकडे राहिले. पण हिऱ्यांच्या खाणींच्या उत्पन्नातही पेशव्यांना वाटा मिळाल्याचे सांगतात. मस्तानी पुण्याला आली ती ह्याच बुंदेलखंडातून. पुणे जिल्ह्यातल्या पाबळला तिची कबर आहे. ती पाहिली असेल, तर तिच्या माहेरचा मुलूख पाहताना मनात काहीतरी हलतेच.

छत्रसालांचे गुरू स्वामी प्राणनाथ. मूळचे जामनगरचे. त्यांनी छत्रसालांना सांगितले म्हणे, की तुझा घोडा दिवसभरात जिथवर फिरेल, तिथवरची जमीन हिरे देईल. ही आख्यायिका गावात कुणालाही विचारा, हौसेने सांगतील. प्राणनाथांचे मोठे मंदिर गावात आहे. मला सगळ्यांत नवल वाटले ते तिथल्या गाभाऱ्याचे. आत मूर्ती नाही! सिंहासनावर मुकुट-वस्त्रांनी सजवून ठेवला आहे तो ग्रंथ. हिंदूंचे वेद-पुराण आणि मुसलमानांचे कुराण, दोन्हींतले एकच सत्य त्यात सांगितले आहे, अशी प्रणामी लोकांची श्रद्धा आहे. गांधीजींच्या आई पुतळीबाई ह्याच पंथातल्या. पन्ना गावात पुस्तकाच्या पन्न्याचीच पूजा होते म्हणा ना! शरद पौर्णिमेला इथे मोठी जत्रा भरते. गुजरात, नेपाळ, कुठून कुठून माणसे येतात.

जवळच बलदेवाचे देऊळ आहे. बाहेरून पाहिले तर लंडनच्या सेंट पॉल्स चर्चचा घुमट आठवावा असे, आणि आत काळ्या पाषाणाचे बलराम. तेही चुकवू नका.

हिरा निघतो कसा?

पन्नाजवळ मझगवां येथे सरकारी कंपनीची यंत्रांवर चालणारी मोठी खाण आहे. ती आपल्याला सहजासहजी पाहायला मिळत नाही. पण गावाच्या आसपास उथळ खाणी आहेत, आणि खरी गोष्ट तिथे आहे.

ह्या खाणी म्हणजे काय? शेतातला किंवा माळावरचा एक चौकोनी तुकडा. साधारण ८ मीटर लांब, ८ मीटर रुंद. आपल्या चाळीतल्या दोन-तीन खोल्या मावतील एवढा. गावातल्या सरकारी हीरा कार्यालयात थोडी फी भरून कुणीही ह्या तुकड्याचा वर्षभरासाठी पट्टा घेऊ शकतो. मग कुदळ-फावड्याने खणायचे. वरची माती, मुरूम काढून टाकला की खाली खड्यागोट्यांचा एक थर लागतो. त्याला तिथे ‘चाल’ म्हणतात. ही चाल घमेल्यांनी वर आणायची, पाण्याच्या खड्ड्यात खळखळून धुवायची, माती वाहून गेली की उरलेले खडे सारवलेल्या जमिनीवर पसरून वाळवायचे, आणि मग ओळीने बसून हाताने एकेक खडा वेचायचा. आपण तांदूळ निवडतो ना, अगदी तसेच. फरक एवढाच, की आपण खडा काढून टाकतो नि तांदूळ ठेवतो. त्या हजारो खडे टाकतात नि एका खड्याची वाट पाहतात.

‘त्या’ म्हटले, कारण धुण्या-वेचण्याचे काम पुष्कळ ठिकाणी बायकाच करतात. आम्ही गेलो तिथे चौघीजणी उकिडव्या बसल्या होत्या. डोक्यावर पदर, हातात पत्र्याचा तुकडा. त्या तुकड्याने खडे पुढे सारायचे, नजर फिरवायची, पुन्हा सारायचे. मी एकीला विचारले, “दीदी, कच्चा हिरा ओळखायचा कसा?” ती हसली. म्हणाली, “बहनजी, त्याला ओळखावे लागत नाही, तोच डोळ्यांत भरतो. मिळाला तर.” तिला वेचायला लागून किती वर्षे झाली, विचारले. लग्न होऊन आली तेव्हापासून. आणि हिरा? “बारीकसारीक दोन. मालकाच्या खाणीत.” एवढे बोलून तिने पुन्हा मान खाली घातली. दिवसाच्या मजुरीचे काम. बोलत बसायला वेळ कुठला?

सापडलेला हिरा घरी न्यायचा नसतो. तो हीरा कार्यालयात जमा करावा लागतो. तिथे पारखी वजन करतो, जात ठरवतो. स्वच्छ पाणीदार तो ‘उज्ज्वल’, गढूळ तो ‘मैला’. मग लिलाव होतो, मोठमोठ्या शहरांतले व्यापारी येतात, आणि रॉयल्टी व कर कापून उरलेली रक्कम पट्टेदाराला मिळते. हिऱ्याचे वजन कॅरटमध्ये करतात; पाच कॅरटचा एक ग्रॅम.

कधी कधी नशीब फळफळतेही. २०१८ च्या ऑक्टोबरात एका मजुराला ४२.५९ कॅरटचा हिरा सापडला. म्हणजे जेमतेम साडेआठ ग्रॅम. पण लिलावात त्याचे अडीच कोटींवर रुपये आले. २०२४ च्या जुलैत आणखी एका आदिवासी मजुराला १९.२२ कॅरटचा मिळाला. आणि मला सगळ्यांत आवडलेली बातमी २०२२ च्या जुलैची : जंगलात जळणाच्या काटक्या गोळा करायला गेलेल्या एका गरीब बाईला वाटेत चमकणारा खडा दिसला. तिने तो कनवटीला लावून घरी आणला. निघाला ४.३९ कॅरटचा हिरा!

अशा बातम्या वर्तमानपत्रात छापून येतात, आपण वाचतो, “काय बाई नशीब!” म्हणतो. ज्यांनी वर्षानुवर्षे खणले, कर्ज काढून पट्टा घेतला आणि खड्ड्यातून खडेच काढले, त्यांची बातमी होत नाही. ते तर शेकड्यांनी आहेत. शिवाय पन्नाच्या आसपास दगडांच्या खाणीही पुष्कळ. तिथली फरशी बांधकामाला जाते. दगड फोडताना उडणारी बारीक धूळ मजुरांच्या फुप्फुसांत साचते नि सिलिकोसिस नावाचा आजार जडतो. त्याची लक्षणे क्षयासारखी, त्यामुळे माणूस क्षयाचीच औषधे घेत राहतो आणि उपयोग होत नाही. कर्ता पुरुष असा गेला, की घर चालवायला पुन्हा बाईच घमेले उचलते. मात्र अलीकडे काही बायका स्वतःच्या नावावर हिऱ्याचा पट्टा घेऊ लागल्या आहेत, आणि त्यांतल्या काहींना हिरे मिळालेही आहेत. निदान तो हिरा मालकाचा नाही, त्यांचा स्वतःचा.

आणखी एक पन्ना

त्या चौघींकडे पाहताना मला राजस्थानातली एक पन्ना आठवली. तिचा ह्या गावाशी काही संबंध नाही, फक्त नाव एक. चित्तोडच्या राजवाड्यातली दाई, पन्नाधाय. १५३६ साली बनवीर तलवार घेऊन धाकट्या राजपुत्राला, उदयसिंहाला, मारायला निघाला, तेव्हा तिने उदयसिंहाला टोपलीतून बाहेर काढून दिले आणि त्याच्या बिछान्यावर स्वतःच्या मुलाला, चंदनला, निजवले. बनवीराने विचारले, राजपुत्र कुठे? तिने त्या बिछान्याकडे बोट केले. हाच उदयसिंह पुढे महाराणा झाला, त्याने उदयपूर वसवले. महाराणा प्रताप त्याचा मुलगा.

लहानपणी आपण ही गोष्ट स्वामिनिष्ठेची म्हणून वाचतो. स्वतः आई झाल्यावर ती वाचवत नाही. राज्य वाचले, वंश वाचला, पण त्या रात्रीनंतर पन्ना कशी जगली असेल, हे इतिहासाच्या पानावर फारसे कुणी लिहिले नाही. आई-बापांनी मोठ्या हौसेने रत्नाचे नाव ठेवले असेल पोरीचे! आजही गुजरातेत मुलींची नावे पन्ना असतात, उत्तरेत मुलांची पन्नालाल. थोर बासरीवादक पन्नालाल घोष (१९११–१९६०) आपल्याला माहीत आहेतच. रत्नाचे नाव ठेवले म्हणून आयुष्य रत्नासारखे जपले जाते असे मात्र नाही.

जाणार असाल तर

पन्नाला ऑक्टोबर ते मार्च ह्या दिवसांत जावे. उन्हाळ्यात बुंदेलखंडाचे ऊन सोसवत नाही. गेलातच तर कैरीचा पना दिवसातून दोनदा घ्या. मुले बरोबर असतील तर व्याघ्रप्रकल्प दाखवा. २००९ साली ह्या जंगलात एकही वाघ उरला नव्हता. मग कान्हा आणि बांधवगडहून वाघ आणून सोडले, त्यांची पिल्ले झाली, आणि आज तिथे पुन्हा वाघांचे राज्य आहे. केन नदीच्या काठी मगरी-सुसरी ऊन खात पडलेल्या दिसतात. खजुराहोच्या रस्त्यावर पांडव धबधबा आहे. पावसाळा संपता संपता तो फार देखणा असतो.

एक सावधगिरी. रस्त्यात कुणी कागदाची पुडी उलगडून “बहनजी, असली हीरा” म्हणू लागले, तर सरळ पुढे चालू लागा. कच्चा हिरा हीरा कार्यालयाबाहेर विकणे-घेणे गुन्हा आहे, आणि बहुधा ती काचच असते.

मग आणायचे काय? पन्नाचा आवळा. ह्या जिल्ह्यात आवळा अमाप पिकतो, आणि तिथल्या बायकांचे गट त्याचा मुरंबा, लोणचे, सुकवलेल्या गोड फोडी करून विकतात. मी दोन बरण्या आणल्या. पाकात मुरलेला, तरी हिरवट झाक राहिलेला आवळा. काकूंनाही त्यातली एक दिली. खड्याऐवजी मुरंबा पाहून त्या आधी जरा हिरमुसल्या, पण चव घेतल्यावर खूश झाल्या.

आणि हो, उथळ खाणीवर जाल तेव्हा तिथल्या बायकांशी दोन शब्द जरूर बोला. आपण सगळेच त्यांना विचारतो, “हिरा सापडला का?” तेवढे विचारून परत फिरू नका. दिवसाची मजुरी किती मिळते, मुले शाळेत जातात का, खोकला तर नाही ना, हेही विचारा. मला वाटते, त्यांना बरे वाटेल.